कागदावर फक्त ‘आयर्लंड’ लिहिलंय, मूळ गाव कसं शोधायचं?

मृण्मयी_ज

सासरकडची वंशावळ जुळवतेय. नवऱ्याचे खापरपणजोबा आयरिश होते. नाव जेरेमाया, आडनाव सलिव्हन. आतापर्यंत हाताशी आहे ते असं:

1860 च्या अमेरिकन जनगणनेत ब्रुकलिन, वय 27. 1870 मध्ये तिथेच, पण वय 40. दोन्हीकडे जन्मस्थान ‘आयर्लंड’. 1889 चा मृत्यू दाखला, त्यात वडील डॅनिअल, आई मेरी, दोघांचंही जन्मस्थान ‘आयर्लंड’. बायकोचं नाव ऑनोरा, माहेरचं आडनाव माहीत नाही. लग्न बहुतेक ब्रुकलिनमध्येच झालं असावं. घरात ‘आपण कॉर्कचे’ असं सांगतात, त्यापलीकडे काही नाही.

इंटरनेटवरच्या एका वंशवृक्षात याच नावाचा 1832 चा बाप्तिस्मा जोडलेला सापडला, कॉर्कमधलाच. तो धरून पुढे जावं का? आयर्लंडची जनगणना जळाली म्हणतात, मग 1830 च्या आसपासचं काही मिळतं तरी का? आणि डीएनए चाचणीचा उपयोग होईल का?

---

जुनी_दप्तरं

तो वंशवृक्ष आधी बाजूला ठेवा. 1890 च्या जन्मनोंदींवरून काढलेल्या यादीत सलिव्हन हे आयर्लंडातलं तिसऱ्या क्रमांकाचं आडनाव होतं, मर्फी आणि केलीच्या खालोखाल. त्यातले बहुतेक कॉर्क आणि केरी या दोन काउंट्यांत. जेरेमाया, डॅनिअल, मेरी ही त्या भागातली घरोघरची नावं. बाप डॅनिअल आणि मुलगा जेरेमाया अशा जोड्या तुम्हाला एकेका धर्मग्रामात (पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग) दोन-तीन मिळतील. नाव जुळलं म्हणून माणूस जुळला असं इथे होत नाही.

‘कॉर्क’ या शब्दावरही लगेच विसंबू नका. कॉर्क काउंटी, कॉर्क शहर आणि कॉर्कचं बंदर या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आज कोव्ह म्हणतात ते बंदर 1849 पासून क्वीन्सटाउन होतं, आणि शेजारच्या काउंट्यांतले लोकही तिथूनच बोटीत चढत. ‘कॉर्कहून आलो’ याचं दोन पिढ्यांत ‘कॉर्कचे’ होतं. 1840 च्या दशकातल्या आयर्लंडच्या मोठ्या दुष्काळाच्या वर्षांत न्यूयॉर्कला जाणारे बरेचसे आयरिश तर लिव्हरपूलमार्गे गेले.

आता मुद्दा. आयर्लंडातले कागद गावानुसार लावलेले आहेत, माणसानुसार नाहीत. काउंटी कळून भागत नाही, निदान धर्मग्राम तरी हवा. आणि ते नाव बहुतेक वेळा अमेरिकेतल्याच एखाद्या कागदावर पडून असतं. म्हणून तुमचं पुढचं काम ब्रुकलिनमध्ये आहे.

पहिलं, ऑनोराचं माहेर. त्यासाठी मुलांच्या बाप्तिस्म्याच्या चर्चमधल्या नोंदी काढा. कॅथलिक नोंदीत आईचं माहेरचं आडनाव आणि धर्मपिता-धर्ममातेची नावं असतात. हे दोघे सहसा सख्खे भावंड, चुलत-मावस किंवा त्याच गावचे असतात. सगळ्या मुलांच्या नोंदी काढून ही नावं एका कागदावर मांडा. दोनदा आलेलं नाव तुमच्या कामाचं. इथे एक अडचण नेहमी येते. न्यूयॉर्क आर्चडायोसिसची (आर्चबिशपच्या अखत्यारीतल्या धर्मप्रांताची) जुनी रजिस्टरं फाइंडमायपास्ट या वंशावळीच्या साइटवर आहेत, पण ब्रुकलिन हा 1853 पासून वेगळा धर्मप्रांत आहे. तो त्या संचात नाही. म्हणजे ‘सापडलं नाही’ याचा अर्थ ‘नोंद नाही’ असा होत नाही. त्या वेळचा पत्ता शोधून जवळच्या चर्चला किंवा धर्मप्रांताच्या कार्यालयाला लिहावं लागेल. लग्नाची नोंदही तिथेच मागा. काही धर्मगुरू वधू-वरांचं आयर्लंडातलं धर्मग्राम लिहून ठेवत, सगळे नाही.

दुसरं, मुलांचे लग्नाचे आणि मृत्यूचे दाखले. न्यूयॉर्कच्या म्युनिसिपल आर्काइव्ह्जने जुने दाखले इंटरनेटवर फुकट ठेवले आहेत. ब्रुकलिन 1898 पर्यंत स्वतंत्र शहर होतं, त्यामुळे शोधताना किंग्ज काउंटी निवडा; मॅनहॅटनमध्ये शोधत बसाल तर हाती काही लागणार नाही. आणि दाखल्यावर माहिती देणाऱ्याचं नाव असेल तर ते आधी बघा. सुनेने किंवा शेजाऱ्याने सांगितलेली सासू-सासऱ्यांची नावं ऐकीव असतात. 1889 च्या दाखल्यावरचे ‘डॅनिअल आणि मेरी’ कोणी सांगितले, हा तुमच्या केसमधला कळीचा प्रश्न आहे.

तिसरं, एमिग्रंट सेव्हिंग्ज बँक. 1850 साली मॅनहॅटनमध्ये आयरिश स्थलांतरितांसाठीच निघालेली. बऱ्याच खातेदारांना सही करता येत नसे, म्हणून ओळख पटवायला बँक त्यांची घरची माहिती लिहून घेई: जन्मगाव, आई-वडील, भावंडं कुठे आहेत, कोणत्या बोटीने आणि कधी आला. कित्येकांचं गावाचं नाव फक्त याच वह्यांत आहे. मूळ वह्या न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत, प्रतिमा अँसेस्ट्री या वंशावळीच्या साइटवर. ब्रुकलिनच्या लोकांचीही खाती तिथे असत. जेरेमाया नसेल तर त्याच्या भावाबहिणींची, मेव्हण्यांची नावं टाका.

चौथं, कबर आणि मृत्यूची बातमी. ब्रुकलिनचे कॅथलिक बहुधा फ्लॅटबुशच्या होली क्रॉसमध्ये किंवा क्वीन्समधल्या कॅल्व्हरीमध्ये पुरले जात. दगडावर कधीकधी गावाचं नाव कोरलेलं असतं. दगड नसला तरी कबरीचा मालक कोण आणि त्याच खड्ड्यात आणखी कोण पुरलेत हे दफनभूमीच्या वहीत असतं. अनोळखी आडनाव दिसलं की सोयरीक समजा. ब्रुकलिन डेली ईगलचे 1841 ते 1955 चे अंक ब्रुकलिन पब्लिक लायब्ररीने फुकट उपलब्ध केलेत. ‘अमुक धर्मग्राम, काउंटी कॉर्कचा रहिवासी’ असं छोट्या बातमीत लिहिलेलं असे. बॉस्टनच्या ‘पायलट’मध्ये 1831 ते 1921 हरवलेल्या नातलगांसाठी जाहिराती येत, त्यात तर बहुधा गावाचं नाव असे, नाहीतर ओळख कशी पटणार?

जहाजाच्या यादीत वेळ घालवू नका. 1850 च्या यादीत नाव, वय, धंदा आणि ‘आयर्लंड’, संपलं. नागरिकत्वाचे कागदही सप्टेंबर 1906 पूर्वीचे असतील तर तसेच कोरडे. साक्षीदाराचं नाव तेवढं टिपून ठेवा.

वयाबद्दल: 27 आणि 40 ही तफावत नेहमीचीच. जन्मसाल 1828 ते 1837 असं सैल धरा.

---

टिपणवही

वरच्या प्रतिसादात एक भर. कुटुंबातला कोणी बराच उशिरा आलेला असेल, म्हणजे एखादी पुतणी किंवा भाची 1907 नंतर, तर तिची जहाजाची यादी जरूर बघा. तोपर्यंत यादीला बरेच रकाने वाढले होते आणि मायदेशातल्या जवळच्या नातेवाइकाचं नाव-पत्ता लिहावा लागे. तिच्या यादीवरचं गाव हेच पुष्कळदा खापरपणजोबांचं गाव निघतं.

आता जळालेल्या कागदांचं. 30 जून 1922 ला डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या इमारतीतला सरकारी दप्तरखाना उद्ध्वस्त झाला, यादवी युद्धाच्या सुरुवातीला. 1821 ते 1851 च्या चार जनगणनांचे बहुतेक कागद तिथे गेले, काही तुकडे उरले. 1861 आणि 1871 च्या जनगणना मात्र त्याआधीच सरकारनेच नष्ट केल्या होत्या, आणि 1881, 1891 च्या पहिल्या महायुद्धात कागदटंचाईच्या वेळी लगद्यात गेल्या. म्हणजे सगळं खापर आगीवर फोडता येत नाही. 1901 आणि 1911 पूर्ण आहेत, आयर्लंडच्या नॅशनल आर्काइव्ह्जच्या साइटवर फुकट.

कॅथलिक रजिस्टरं त्या इमारतीत नव्हतीच, ती धर्मग्रामांतच होती, म्हणून वाचली. तुमच्या दृष्टीने हीच सगळ्यात मोठी गोष्ट. चर्च ऑफ आयर्लंडची, म्हणजे प्रॉटेस्टंटांची, निम्म्याहून जास्त गेली. जळालेल्यांच्या इतरत्र उरलेल्या नकला व्हर्च्युअल रेकॉर्ड ट्रेझरी नावाच्या फुकट साइटवर 2022 पासून गोळा होत आहेत.

आणि तुमच्यासाठी एक खास वाट आहे. 1909 पासून सत्तरीच्या लोकांना वृद्धापकाळ पेन्शन सुरू झालं. जन्माची सक्तीची नोंद सुरू झाली ती 1864 पासून, त्यामुळे वयाचा पुरावा कोणाकडेच नव्हता. मग अर्जदार लिहीत की 1841 किंवा 1851 च्या जनगणनेत आमचं घर बघा, वडील अमुक, आई तमुक, गाव हे. कारकून मूळ वही काढून उतारा लिहून देई. वह्या 1922 मध्ये गेल्या, हे शोध-अर्ज राहिले, आणि ते नॅशनल आर्काइव्ह्जच्या साइटवर आहेत. जेरेमाया 1830 च्या आसपासचा. त्याचं 1840 च्या आसपास जन्मलेलं धाकटं भावंड गावात राहिलं असेल आणि त्याने पेन्शन मागितलं असेल, तर 1851 चं अख्खं घर एका पानावर मिळू शकतं. शोध-अर्जात आई-वडिलांची नावं आणि आईचं माहेर असतं, त्यामुळे डॅनिअल आणि मेरीची खात्रीही होते.

1901 आणि 1911 च्या वयांत दहाऐवजी चौदा-पंधरा वर्षांचं अंतर दिसलं तर दचकू नका. तेही पेन्शनचंच फळ.

---

मृण्मयी_ज

दोघांचेही आभार. समजा धर्मग्राम कळलं. पुढे रजिस्टर कसं वाचायचं? आणि ग्रिफिथ म्हणून जे काही आहे त्याचा नेमका उपयोग काय?

---

जुनी_दप्तरं

आधी जागेची उतरंड पक्की करा, गोंधळ इथेच होतो. काउंटी, तिच्या आत बॅरनी, मग सिव्हिल पॅरिश, आणि सगळ्यात खाली टाउनलँड. टाउनलँड म्हणजे टाउन नव्हे. आपल्याकडच्या शिवारासारखा किंवा वाडीसारखा नाव असलेला जमिनीचा तुकडा. आयर्लंडभर साठ हजारांहून जास्त आहेत. एकाच नावाची टाउनलँड्स पाच-सात काउंट्यांत सापडतात, म्हणून नाव नेहमी सिव्हिल पॅरिशसकट लिहून ठेवा. कॅथलिक धर्मग्रामाच्या सीमा यापेक्षा वेगळ्या, नावही बऱ्याचदा वेगळं.

रजिस्टरांच्या प्रतिमा नॅशनल लायब्ररी ऑफ आयर्लंडच्या साइटवर फुकट आहेत, साधारण 1880 पर्यंतच्या. त्यात नावाने शोध नाही, वर्ष निवडून पानं उलटायची. नावांची सूची हवी असेल तर कॉर्कसाठी हे लक्षात ठेवा: आयरिशजीनिऑलॉजी या सरकारी साइटवर कॉर्क आणि रॉस धर्मप्रांत आहे, म्हणजे काउंटीचा दक्षिण आणि पश्चिम भाग. उत्तर आणि पूर्व कॉर्क क्लॉइन धर्मप्रांतात, ते तिथे नाही. आणि पश्चिमेचं टोक, बेअराचं द्वीपकल्प, काउंटी कॉर्क असूनही केरी धर्मप्रांतात मोडतं. सलिव्हन लोकांचं ते माहेरघर, आणि लोक नेमकं तेच कॉर्कच्या यादीत शोधत राहतात.

नोंदी पुष्कळ ठिकाणी लॅटिनमध्ये. जेम्सचा याकोबुस, विल्यमचा गुलिएल्मुस, जॉनचा योआनेस, डेनिसचा दिओनिसिउस. व्याकरण यायला लागत नाही, वीस-पंचवीस नावं आणि मुलगा-मुलगी, धर्मपालक एवढे शब्द पुरतात. मोडी वाचायला बसलेल्याला याचं भय वाटू नये.

इंग्रजीतली नावंही फिरतात. जेरेमायाचं डार्बी, दोन्ही एकाच आयरिश नावाची, डिअरमिडची, इंग्रजी रूपं. ऑनोराची नोरा, हॅनोरा, नॅनो. ब्रिजिटची बिडी किंवा डीलिया. टिमथीचा थेडी. ‘ओ’ आणि ‘मॅक’ 19 व्या शतकात सर्रास गळाले, म्हणून ओ’सलिव्हन आणि सलिव्हन वेगळे समजू नका. बेअरात तर एकाच गावात इतके सलिव्हन की शाखेचं टोपणनाव लागे: बान म्हणजे गोरे, रुआ म्हणजे तांबडे. कधी फादरने आडनाव सोडून नुसतं टोपणनाव लिहिलंय. शोधताना आडनावाचा रकाना रिकामा ठेवा आणि फक्त बापाचं व आईचं पहिलं नाव आणि धर्मग्राम टाका. सूची करणाऱ्याने चुकीचं वाचलेलं असेल तरी नोंद वर येते.

रजिस्टर कधी सुरू होतं तेही बघा. ग्रामीण पश्चिमेत बरीच 1820-30 च्या दशकानंतरची आहेत. सुरुवातच 1840 ची असेल तर जेरेमायाचा बाप्तिस्मा मिळणारच नाही, आणि तिथे मिळालेला दुसरा जेरेमाया तुमचा नाही. मग धाकट्या भावंडांचे बाप्तिस्मे शोधा.

ग्रिफिथ म्हणजे 1847 ते 1864 दरम्यान कर बसवण्यासाठी केलेली जमीन-घरांची मूल्यमापन यादी. आस्क अबाउट आयर्लंड साइटवर नकाशांसकट फुकट. कसणाऱ्याचं नाव, ज्याच्याकडून जमीन घेतली त्याचं नाव, क्षेत्र एकर-रूड-पर्चमध्ये (4 रूडचा एकर, 40 पर्चचा रूड) आणि मूल्य पौंड-शिलिंग-पेन्समध्ये. आपल्या सातबाऱ्याचा चुलत भाऊच म्हणा, फक्त घरातला एकच माणूस, बायका-मुलं नाहीत. कॉर्कची यादी 1850 च्या दशकाच्या पूर्वार्धातली, तेव्हा तरुण जेरेमाया तिच्यात असण्याची शक्यता कमीच. त्याचा बाप किंवा थोरला भाऊ शोधा. एका नावाचे दोघे असतील तर मोजणीदार नावापुढे कंसात बापाचं नाव टाकत, ‘सलिव्हन, जेरेमाया (डॅन)’ असं. तसा कंस दिसला तर ते पान जपून ठेवा.

खरा माल पुढच्या वह्यांत आहे. ग्रिफिथनंतर दर काही वर्षांनी मालक-कुळ बदलला की जुनं नाव खोडून नवं नाव लिहीत, वेगळ्या रंगाच्या शाईने, बाजूला साल. आपल्या फेरफाराच्या नोंदीच. डॅनिअलचं नाव खोडून त्याच जागी 1871 मध्ये टिमथी आला, तर डॅनिअलचा मृत्यू त्या सुमारास शोधायचा आणि टिमथी बहुधा मुलगा. हीच साखळी 1901 च्या जनगणनेपर्यंत आणि त्याच्या पुढेही नेता येते. वह्या डब्लिनला टेलटे एरन या सरकारी कार्यालयात. उत्तर आयर्लंडच्या काउंट्यांच्या मात्र बेलफास्टच्या सरकारी अभिलेखागाराने इंटरनेटवर दिल्यात.

ग्रिफिथच्या आधीचं काही हवं तर टाइद अ‍ॅप्लॉटमेंट, म्हणजे चर्चच्या कराच्या वह्या, 1823 ते 1838. शेतकऱ्यांची यादी, फुकट, पण मजूर आणि शहरवाले त्यात नाहीत.

---

गुणसूत्र

डीएनएबद्दल. उपयोग आहे, पण कागद पुरेसे झाल्यावर. खापरपणजोबा समान असलेले म्हणजे तिसरे चुलत भावंडं. त्यांच्यातल्या साधारण दहापैकी नऊ जणांशी जुळणी दिसते. एक पिढी खाली सरकलात की निम्म्यांशीच. म्हणून चाचणी नवऱ्याची नको, हयात असलेल्या सर्वांत वयस्क माणसाची करा: सासरे, त्यांची बहीण, चुलत आजोबा.

अँसेस्ट्रीकडे सर्वाधिक लोक आहेत म्हणून सुरुवात तिथून. तिथला निकाल दुसरीकडे चढवता येतो, बाहेरचा तिथे चढवता येत नाही.

सावध राहायचं ते बेअरासारख्या ठिकाणी. पिढ्यान्‌पिढ्या शेजारच्या गावांतच लग्नं झाल्याने लोक एकमेकांशी तीन-चार बाजूंनी नातलग असतात. जुळणीचा आकडा फुगतो आणि पाचवा चुलत भाऊ तिसऱ्यासारखा दिसतो. एकट्या जुळणीवर नातं ठरवू नका. तुमच्याशी आणि आपापसात जुळणारे सगळे लोक एकत्र काढा, त्यांच्या वंशवृक्षांत कोणतं टाउनलँड परत परत येतं ते बघा. बेअरातल्या अ‍ॅलिहीझच्या तांब्याच्या खाणींतले कामगार मोठ्या संख्येने मोंटानातल्या ब्यूटला गेले. तुमच्या जुळण्यांत ब्यूटचे सलिव्हन-हॅरिंग्टन दिसू लागले तर दिशा बरीच पक्की झाली असं धरा.

---

खडकी_कॅम्प

थोडं वेगळं विचारतो, धागा मोठा होत असेल तर माफी. आयरिश पूर्वज अमेरिकेत न जाता 1840-50 च्या दशकात कंपनीच्या फौजेतून मुंबई इलाख्यात आला असेल तर? पलटण ‘बॉम्बे युरोपियन’, मृत्यू पुण्याजवळ.

---

टिपणवही

तुमचं काम एका अर्थी सोपं आहे. फौजेच्या कागदांत जन्मगाव विचारलं जात असे.

पलटणीचं पुढे काय झालं ते आधी समजून घ्या. बॉम्बे युरोपियनची पहिली पलटण 1858 नंतर राणीच्या सेवेत गेली, 103 क्रमांक मिळाला आणि 1881 मध्ये रॉयल डब्लिन फ्युझिलियर्सची दुसरी बटालियन झाली. त्यामुळे ‘डब्लिन’ हे नाव बघून सैनिक डब्लिनचा असा निष्कर्ष काढू नका.

कंपनीच्या भरतीचे आणि बोटीवर चढण्याचे कागद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये. भरतीच्या यादीसाठी एल-मिल-9, मुंबई फौजेच्या हजेरीपटासाठी एल-मिल-12 ही वर्गवारी. बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या लंडनला पाठवलेल्या नकला एन-3 मध्ये, त्या फाइंडमायपास्टवर दिसतात. अडचण अशी की त्या मुख्यतः अँग्लिकन चर्चच्या, कॅथलिकांच्या नोंदी अपुऱ्या. आयरिश शिपाई बहुतांश कॅथलिक. एन-3 मध्ये नसेल तर छावणीतल्या कॅथलिक चर्चची मूळ वही विचारा.

पेन्शनवर सुटलेल्या शिपायांचे कागद लंडनजवळ क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये, डब्ल्यूओ 97 वर्गात. त्यात ‘अमुक पॅरिश, अमुक गावाजवळ, अमुक काउंटी’ असा छापील रकानाच होता. पण तुमचा माणूस सेवेतच इथे वारला असेल तर तो तिथे मिळणार नाही, हजेरीपटच बघावे लागतील. राणीच्या सेवेत जाण्याआधी वारला की नंतर, यावर ब्रिटिश लायब्ररी की क्यू हे ठरतं, म्हणून मृत्यूचं साल आधी पक्कं करा. फिबिस (भारतातल्या ब्रिटिश कुटुंबांचा इतिहास शोधणारी संस्था) हिच्या साइटवर नावाचा शोध फुकट आहे, सुरुवात तिथून केलीत तर साल बहुधा मिळेल.

---

मृण्मयी_ज

मुलांचे सहा बाप्तिस्मे शोधायला घेते, ऑनोराचं माहेर मिळालं की इथेच लिहीन. एक शेवटचं: 1889 च्या दाखल्यावर माहिती देणाऱ्याचं नाव आहे, पण आडनाव सलिव्हन नाही.

---

जुनी_दप्तरं

मग त्याच नावाने आधी होली क्रॉसच्या वहीत आणि एमिग्रंट बँकेत शोधा. जावई किंवा ऑनोराचा भाऊ असण्याची शक्यता मोठी आहे. भाऊ निघाला तर माहेरचं आडनाव तुमच्या हातात आधीपासूनच आहे.